अलास्का हायवे वरखाली का होतो?

प्रश्न: मुलगी आणि जावई कॅनडातून गाडीने अलास्काला गेलेत. तिने व्हिडिओ पाठवला, त्यात बॉर्डरच्या आधी रस्ता असा हिंदकळतोय की होडीत बसल्यासारखं वाटतं. एवढ्या श्रीमंत देशांना एक रस्ता धड करता येत नाही का?

उत्तर: ताई, दोष खालच्या जमिनीचा आहे हो. कॅनडाच्या यूकॉन भागात, डिस्ट्रक्शन बे ते बीव्हर क्रीक या गावांमधल्या पट्ट्यात मातीतच बर्फ आहे, वर्षानुवर्षं गोठलेला, पर्माफ्रॉस्ट म्हणतात त्याला. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर त्याच्या भीतीने अमेरिकन सैन्याने 1942 मध्ये आठेक महिन्यांत हा रस्ता काढला, दहा हजारांवर सैनिक होते, त्यातले साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय, आणि त्यांचं नाव पुढे कितीतरी वर्षं कुणी घेतलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. तर झालं काय, बुलडोझरने झाडं आणि शेवाळाचा थर खरवडून काढला, पण ते शेवाळ म्हणजे बर्फावरची गोधडीच, ती ओढली तसा उन्हाने नुसता चिखल झाला आणि ट्रक रुतायला लागले. मग शेवाळाला हात न लावता त्यावर ओंडके आडवे टाकायचे आणि वर खडी, असं शिकत शिकत पुढे गेले.

आजही तेच दुखणं आहे. डांबर ऊन शोषतं, कडेला ढकललेला बर्फ हिवाळ्यातली थंडी जमिनीत मुरू देत नाही, आणि खालचं सगळीकडे सारखं वितळत नाही म्हणून लाटा. दुरुस्त करतात पण पुन्हा खचतं. कडेला काठीवर छोटे झेंडे लावलेले असतात, झेंडा दिसला की स्पीड कमी करायचा, एवढं मुलीला नक्की सांगा.

पैशाचं म्हणाल तर तिथली बहुतेक गाड्यांची ये-जा अलास्कासाठीच, आणि अलास्का अमेरिकेचं, म्हणून 1977 च्या करारात ठरलं की काम कॅनडाने करायचं, पैसे अमेरिकेने द्यायचे. पण बीव्हर क्रीकच्या शंभरेक माणसांचं काय? मोठं हॉस्पिटल व्हाइटहॉर्सला, साडेचारशे किलोमीटरवर, आणि जायला हाच एक रस्ता, पेशंटला घेऊन त्याच लाटांवरून.

आणि हो, परतताना बॉर्डरवर कॅनडाचं कस्टम दिसलं नाही तर घाबरू नका म्हणावं, ते साधारण 30 किलोमीटर आत बीव्हर क्रीकजवळ आहे. बॉर्डरवर झाडी कापून केलेली सरळ पट्टी दिसते, तिथे जरा थांबून बघा म्हणावं.