मांजर सोबत आणताय, तर घरमालकाच्या किल्लीबद्दल आधी वाचा

ताई, तुमच्या मिस्टरांना कॅनडात, ऑन्टॅरिओ प्रांतातल्या किचनरला नोकरी लागली आहे, चोपड्याहून निघायची तयारी चालू आहे, आणि चार वर्षांची मांजर मागे ठेवून यायला मन तयार नाही. त्यात तिकडच्या एका ओळखीच्याने सांगितलं की कॅनडात घरमालक स्वतःच्या किल्लीने केव्हाही दार उघडतात, आत प्राणी दिसला की घर खाली करायला लावतात. म्हणून मांजर आहे हे सांगूच नये का, आणि करारात काय बघायचं, हे तुम्ही विचारलंत. मी मूळची अमळनेरची. ऑन्टॅरिओत नऊ वर्षं झाली, आधी ब्रॅम्प्टनला होते, आता किचनरलाच आहे, आणि माझ्याकडेही मांजर आहे. तुमचा प्रश्न वाचून मला माझीच एक रात्र आठवली, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या ओळखीच्याने सांगितलं ते घडतं. पण त्याला इथला कायदा परवानगी देत नाही. ऑन्टॅरिओत भाड्याच्या घरांना २००६ चा रेसिडेन्शियल टेनन्सीज अ‍ॅक्ट लागू आहे. त्याप्रमाणे मालकाला आत यायचं असेल तर किमान २४ तास आधी लेखी नोटीस द्यावी लागते. त्यात कारण, तारीख आणि वेळ तिन्ही हवं, आणि वेळ सकाळी ८ ते रात्री ८ च्या मधलीच हवी. "शनिवारी चक्कर मारतो" असं जिन्यात भेटल्यावर म्हणणं म्हणजे नोटीस नव्हे. कारणंही कायद्यात दिलेली आहेत: दुरुस्ती, घराची स्थिती तपासणं, विकायला काढलं असेल तर घेणाऱ्याला दाखवणं, अशी. नोटिशीशिवाय येता येतं ते आग, पाइप फुटणं अशा खऱ्या आणीबाणीत, किंवा त्या क्षणी दारात तुम्ही स्वतः "या" म्हणालात तर. तुम्ही घर सोडत असल्याची नोटीस दिली असेल तर नवीन भाडेकरूला दाखवायला २४ तासांची लेखी नोटीस लागत नाही, पण तेव्हाही वेळ तीच, आणि आधी कळवायचा प्रयत्न मालकाने करायलाच हवा.

दुसरी गोष्ट याहून मोठी, आणि आपल्या लोकांना हीच माहीत नसते. करारात "प्राणी पाळता येणार नाही" असं छापलं असेल, तुम्ही त्याखाली सही केली असेल, तरी ते कलम ऑन्टॅरिओत रद्दबातल धरलं जातं. त्याच कायद्याचं १४ वं कलम आहे, वाचून घ्या. मांजर आहे एवढ्याच कारणावरून मालक तुम्हाला काढू शकत नाही. प्राण्याने घराचं नुकसान केलं, त्याचा इतरांना खरोखर त्रास होतोय, कुणाला गंभीर अ‍ॅलर्जी झाली किंवा प्राण्याची जातच धोकादायक आहे, असं काही असेल तर त्याला लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्डाकडे, म्हणजे मालक-भाडेकरूंचे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, जाऊन ते सिद्ध करावं लागतं. तुम्हाला बाहेर काढण्याचा अधिकार बोर्डाच्या आदेशाला आहे, मालकाच्या रागाला नाही.

याला दोन अपवाद आहेत आणि नवीन आलेला माणूस नेमका त्यातच सापडतो. पहिला कॉन्डोचा, म्हणजे जिथे प्रत्येक फ्लॅटचा मालक वेगळा असतो अशा इमारतीचा. इमारतीच्या स्वतःच्या नियमांत प्राण्यांवर बंदी असेल तर ती भाडेकरूलाही लागू होते, म्हणून कॉन्डो घेताना ते नियम मागून वाचा. दुसरा अपवाद स्वयंपाकघराचा. ज्या घरात मालक किंवा त्याचे जवळचे घरचे लोक राहतात आणि तुम्ही त्यांच्याबरोबर एकच किचन किंवा बाथरूम वापरता, तिथे हा कायदाच लागू होत नाही. सुरुवातीला पैसे वाचवायला सगळे अशाच खोल्या बघतात. मी पण पहिले सहा महिने ब्रॅम्प्टनला अशाच खोलीत काढले. तिथे नोटीस नाही, १४ वं कलम नाही, काहीच नाही. मांजर असेल तर अशी खोली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. बेसमेंट, म्हणजे घराखालचं तळघर, चालेल, पण चूल आणि न्हाणी स्वतंत्र हवी.

आता ती रात्र सांगते.

खोलीनंतर आम्ही त्याच भागात स्वतंत्र बेसमेंट घेतलं. वरती मालक आणि त्यांचं कुटुंब. आपल्याच देशातले, वयाने मोठे, मी त्यांना अंकल म्हणायचे. ते सणाला मिठाई पाठवायचे, मी भरीत केलं की वाटीभर वर द्यायचे. करारात प्राणी नको असं लिहिलेलं होतं आणि चिमीला आम्ही दोन महिन्यांनी गुपचूप आणलं. मला वाटायचं, कळलं तर उद्या रस्त्यावर. मग मी काय काय केलं! खिडकीला कायम पडदा. मांजराच्या वाळूची पिशवी कपड्यांच्या बॅगेतून आणायची. ती ओरडली की टीव्हीचा आवाज वाढवायचा.

याच काळात मला कळत होतं की आमच्या मागे घरात कुणीतरी येऊन जातं. एकदा बाथरूमचा दिवा चालू होता. एकदा चिमी पलंगाखालून रात्रीपर्यंत बाहेर आली नाही. घर गरम ठेवणारा फर्नेस आमच्याच भागात होता, अंकल त्याचं फिल्टर बघायला यायचे हे नंतर समजलं. पण मी एका शब्दाने विचारलं नाही. कारण विचारलं असतं तर त्यांनीही विचारलं असतं.

जानेवारी २०१९ च्या शेवटी इथे थंडीची भयंकर लाट आली होती. संध्याकाळी कामावरून आले तर बाजूचं दार अर्धवट लागलेलं, आतल्या पायऱ्यांवर बर्फ उडून आलेला, आणि चिमी नाही. आपल्याकडे मांजर दिवसभर धाब्यावर, ओट्यावर, शेजारच्या वाड्यात फिरून रात्री दुधाला हजर होते. इथे त्या थंडीत घरातल्या मांजराला काही तासच मिळतात. आम्ही दोघं टॉर्च घेऊन गल्लीभर फिरलो. मी लपवलेलं मांजर होतं, तरी रस्त्यात उभं राहून मोठ्याने हाका मारत होते. आईचा फोन आला, तिला रडत रडत सांगितलं. मग दर पंधरा मिनिटांनी तिचा तोच फोन, "माय, मांजर सापडनी का?" जळगाव जिल्ह्यात तेव्हा पहाट झाली होती, ती झोपलीच नव्हती.

तीन तासांनी शेजारच्यांच्या मागच्या लाकडी डेकखाली सापडली. जिवंत होती. कानांची टोकं मात्र थंडीने गेली, ती आजही तशीच आहेत.

अंकल म्हणाले, "दोन मिनिटांसाठी आलो होतो बेटा. तू कामावर होतीस, तुला कशाला त्रास द्यायचा? आणि घर माझंच आहे ना." त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, हे मी आजही मानते. दार नीट लागलं की नाही हे त्यांनी पाहिलं नाही, कारण आत जपण्यासारखं कुणी आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. नोटीस न देणं ही त्यांची चूक, ती मी कमी लेखत नाही. पण नोटीस मागायचं तोंड मी स्वतःच शिवून घेतलं होतं.

म्हणून ताई, लपवू नका. लपवलेला प्राणी असला की भाडेकरू गळका नळ सांगत नाही, बंद पडलेला हीटर सांगत नाही, मालक न विचारता आला तरी गप्प बसतो. कायदा तुमच्या बाजूने असतो आणि तुम्ही गुन्हेगारासारखं राहता.

पुढे मी कम्युनिटी लीगल क्लिनिकमध्ये गेले. कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे फुकट सल्ला मिळतो. तिथल्या बाईंनी मला १४ वं कलम दाखवलं तेव्हा मला खरं वाटेना. त्यांनीच पत्र कसं लिहायचं ते सांगितलं: कोणत्या तारखेला आत आलात, त्यामुळे काय झालं, यापुढे २४ तासांची लेखी नोटीस द्यावी, आमच्याकडे मांजर आहे. एवढंच, सभ्य भाषेत. अंकल आठवडाभर बोलले नाहीत. नंतर दारावर नोटिशीचा कागद चिकटवायला लागले. दारावर लावलेली नोटीसही चालते बरं, म्हणून दाराकडे रोज बघत जा. ऐकलं नसतं तर टी-२ नावाचा अर्ज बोर्डाकडे करता आला असता. बोर्ड मालकाला हे थांबवायचा आदेश देऊ शकतं, भाड्यातली काही रक्कम परत करायला लावू शकतं, दंडही करू शकतं. अर्ज घटनेपासून एका वर्षाच्या आत करावा लागतो आणि निकालाला बराच वेळ लागतो. त्यासाठी तारखांची नोंद ठेवा, वहीत लिहा, फोटो काढा, मालकाशी बोलणं झालं की त्याच दिवशी ईमेलने "आज आपलं असं बोलणं झालं" असं पाठवा. तोंडी गोष्ट इथे टिकत नाही.

घर बघताना मांजराबद्दल आधीच सांगायचं का? इथे कायदा तुमच्या मदतीला येत नाही. सही होण्याआधी मालक प्राण्याच्या कारणावरून सरळ नाही म्हणू शकतो, आणि म्हणतातही. म्हणून बरेच जण सही झाल्यावर सांगतात. कायद्याने त्यात अडचण येत नाही, पण माझं मत वेगळं आहे. चार घरं हातची गेली तरी चालेल, पाचवं असं घ्या की जिथे मालकाला मांजर माहीत आहे. आता ज्या अपार्टमेंटमध्ये राहते ते मिळायला मला दोन महिने लागले. लसीचं सर्टिफिकेट, नसबंदीचा कागद आणि चिमीचा फोटो घेऊनच घरं बघायला जायचे.

मालकाने "पेट डिपॉझिट" मागितलं तर देऊ नका. ऑन्टॅरिओत शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ घेता येतं, फार तर किल्लीची रास्त रक्कम. नुकसानीचं डिपॉझिट बेकायदेशीर आहे. इतर प्रांतांत वेगळं चालतं, ब्रिटिश कोलंबियात अर्ध्या महिन्याच्या भाड्यापर्यंत पेट डिपॉझिट घेता येतं आणि प्राण्याला मनाईही करता येते, त्यामुळे व्हँकुव्हरच्या नातेवाइकाचा सल्ला किचनरला लावू नका. करार सरकारी ठरावीक नमुन्यावरच हवा, ३० एप्रिल २०१८ पासून बहुतेक घरांना तो सक्तीचा आहे. त्यात ईमेलने नोटीस घेणं मान्य आहे का, असा प्रश्न आहे. तिथे "हो" करा, म्हणजे कामावर असतानाही नोटीस हातात येते. आणि आपल्याकडे अकरा महिने संपले की पुन्हा करार, पुन्हा धाकधूक, तसं इथे होत नाही. वर्षाचा करार संपला की तो आपोआप महिन्यामहिन्यावर चालू राहतो, मांजर आहे म्हणून नूतनीकरण नाही, असं म्हणता येत नाही.

रीतसर नोटीस आली तर मात्र अडवू नका. मांजर घाबरतं, आम्ही घरी नाही, ही कारणं चालत नाहीत. तुम्ही हजर असण्याची अटही कायद्यात नाही. अडवत राहिलात तर उलट तुमच्यावरच कारवाई होऊ शकते. कुलूपही मालकाच्या संमतीशिवाय बदलता येत नाही. मी काय करते ते सांगते: नोटीस आली की उत्तरात लिहिते, "घरात मांजर आहे, ती बेडरूममध्ये बंद असेल, ते दार उघडू नये, बाहेरचं दार लगेच लावावं." बेडरूममध्ये पाणी, वाळूचा ट्रे आणि तिची चादर ठेवते. दारावर बाहेरून आणि आतून दोन्हीकडे मोठ्या अक्षरांत इंग्रजीत पाटी आहे. बाहेरच्या पाटीचा खरा उपयोग आणीबाणीत, कारण तेव्हा नोटीस नसते आणि फायर ब्रिगेडवाल्यांना आत कोण आहे हे कळायला हवं. दाराकडे तोंड करून आत एक छोटा कॅमेरा लावला आहे. मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळखीची चिप, ती तर तिथूनच बसवून आणा.

कुणी कुत्रा घेऊन येणार असेल तर त्याच्यासाठी एकच गोष्ट जास्तीची. कुत्रा चावला तर इथे कुत्र्याच्या मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, जबाबदारी थेट त्याच्यावर येते. घरमालक नोटीस न देता आत आला होता, यावर विसंबून राहू नये. टेनंट इन्शुरन्स, म्हणजे भाडेकरूचा विमा, घ्यावा आणि त्यात कुत्रा धरला आहे का ते लेखी विचारावं.

मांजर आणण्याचं काम त्यामानाने सोपं आहे. रेबीजच्या लसीचं इंग्रजी सर्टिफिकेट हवं, त्यावर मांजराचं वर्णन, लसीचं नाव आणि अनुक्रमांक, तारीख, मुदत आणि डॉक्टरांची सही. भारतातून बाहेर न्यायला मुंबईच्या अ‍ॅनिमल क्वारंटाइन कार्यालयाची परवानगी लागते, त्यासाठी जळगावहून एक फेरी धरून ठेवा. पिंजऱ्याची सवय आजपासून लावा. त्यातच जेवण द्या, त्यातच झोपू द्या. इथे मालक येण्याच्या दिवशीही तोच पिंजरा कामाला येईल.

कराराचा मसुदा आला की सही करायच्या आधी मला पाठवा. विशेषतः मागे जोडलेल्या जादा अटींची पानं, कारण सरकारी नमुन्याच्या बाहेरचं सगळं तिथेच घुसवलेलं असतं. मी रात्री बसून वाचेन.