गुरांचा बाजार चालवणाऱ्या माणसाविषयी काय लिहावे?

आपण विचारले आहे की, खेड्यात गुरांचा बाजार चालवणारे आपले मामा नुकतेच गेले, त्यांच्या तेरवीला वाचून दाखवण्यासाठी चार शब्द लिहायचे आहेत, पण ‘गुरांचे लिलाव करणाऱ्याबद्दल सांगण्यासारखे काय असते’ असे घरातलेच लोक म्हणत आहेत. माझ्या वडिलांनी नागपूर जिल्ह्याच्या काटोल-सावनेर पट्ट्यातील एका गावी तीस वर्षांहून अधिक काळ हेच काम केले. मी आता नागपुरात राहते, परंतु लग्न होईपर्यंत त्यांच्या बाजाराच्या वहीत नोंदी करण्याचे काम माझ्याकडे होते. त्या ओळखीवर हे उत्तर लिहीत आहे.

आमच्याकडे जनावरांची खरेदी-विक्री लिलावाने होत नसे. लिलाव दोन प्रकारचे असत. एक म्हणजे ग्रामपंचायत आठवडी बाजाराच्या वसुलीचा ठेका दरवर्षी देत असे, त्याचा. आणि दुसरा कोंडवाड्याचा. दुसऱ्याच्या वावरात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालायचे, मालक मुदतीत आला नाही तर नोटीस काढायची आणि तरीही कोणी आले नाही तर जाहीर लिलाव करून दंड व चाऱ्याचा खर्च वसूल करायचा, ही पद्धत १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यापासून चालत आलेली आहे. बाबांनी तरुणपणी प्रथम कोंडवाड्याचा ठेका घेतला. ‘एक वार, दोन वार, तीन वार’ हे शब्द ते तिथे म्हणायला शिकले. बैलबाजाराचा ठेका त्यांच्याकडे नंतर आला.

आता बाजारातल्या सौद्याविषयी सांगते, कारण बाबांचे सारे आयुष्य समजून घ्यायला ते आवश्यक आहे. बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल, किंवा दलाल आणि विकणारा, एकमेकांचा हात हातात घेतात, वर दुपट्टा किंवा धोतराचा सोगा टाकतात आणि आत बोटे दाबून भाव ठरवतात. तोंडाने फक्त ‘शे’ किंवा ‘हजार’ एवढेच निघते. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. याचा एक फायदा खरोखरच आहे: भाव तुटला तर चारचौघांत कोणाचा अपमान होत नाही. पण ज्याला बोटांची भाषा येत नाही तो पूर्णपणे दलालाच्या हातात असतो, आणि मधल्या माणसाने दोन्हीकडे वेगवेगळे आकडे दाबले तरी ते उघडकीला यायला वाट नसते.

मी नववीत असताना एक बाई दिरासोबत बैलजोडी विकायला आली. तिचा नवरा त्याच पावसाळ्यात वारला होता. जोडी गवळाऊ होती, पांढरी, लांबट तोंडाची, हलक्या पायाची. वर्धा आणि नागपूर या जिल्ह्यांतली ही जात बंडीला जुंपल्यावर किती झपझप चालते हे ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही. दलालाने दिराचा हात दुपट्ट्याखाली घेतला. बाई चार पावलांवर उभी होती. परक्या पुरुषाच्या हातात हात देऊन सौदा करणे तिला शक्यच नव्हते, त्यामुळे तिच्या बैलांचा भाव तिच्याच समोर ठरत होता आणि तो तिला कळत नव्हता. बाबा पावतीचे पुस्तक मिटून उठले, तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, “माय, तुह्या बैलाचा भाव तुह्या कानावर पडला पायजे.” मग त्यांनी जोडी कडुनिंबाखाली आणवली आणि कोंडवाड्यात करीत तशी उघडी बोली लावली. तीन वार झाल्यावर जी रक्कम ठरली ती दुपट्ट्याखालच्या आकड्यापेक्षा किती जास्त होती, हे बाबांनी आम्हाला कधी सांगितले नाही. दिराकडून ते काढून घेणे त्यांना बरोबर वाटले नसावे.

पुढचे चार बाजार बरेच दलाल आमच्याकडे फिरकले नाहीत. आमच्या घरी त्या महिन्याची ओढाताण मला आठवते. आईने स्वतःचे काही न बोलता चालवून नेले. अखेर असे ठरले की ज्यांना दुपट्ट्याखाली सौदा करायचा त्यांनी तसा करावा, पण विकणाऱ्याने मागणी केली तर दुपारच्या वेळी कडुनिंबाखाली उघडी बोली लागेल. ती पद्धत शेवटपर्यंत टिकली. सुरुवातीला तिथे फक्त बाया आणि नवखे कास्तकार येत. दहा वर्षांनी चांगल्या जोड्याही येऊ लागल्या.

उघड्या बोलीचा एक नियम त्यांनी चुकीतून केला होता. पहिल्याच वर्षी एक देखणा बैल त्यांनी बोलीवर चढवला, आणि तो वखराला जुंपताच खाली बसतो हे घेणाऱ्याला वावरात गेल्यावर कळले. बाबांना ते ठाऊक नव्हते, तरी त्यांनी नुकसानीची अर्धी भरपाई स्वतः केली. त्यानंतर बोली सुरू होण्यापूर्वी विकणाऱ्याने जनावराची खोड स्वतःच्या तोंडाने सांगायची, असे त्यांनी ठरवले: मारका आहे का, जू टाकतो का, खांदा सुजतो का, अंगावर कुठे गोम आहे का. (आपण बोलताना ‘यातली गोम अशी’ म्हणतो ती हीच, जनावराच्या अंगावरच्या केसांची अशुभ मानलेली ओळ.) गोमेवर त्यांचा स्वतःचा विश्वास नव्हता, पण घेणाऱ्याचा असेल तर त्याला ती दिसली पाहिजे, असे ते म्हणत. दात मात्र ते स्वतः पाहत. जनावर अदात (एकही पक्का दात न आलेले) आहे, दोनदाती आहे, चारदाती, सहादाती की जुळलेले, हे ओठ उचलून सांगायला त्यांना क्षण पुरे. दोन पक्के दात साधारण दोन-अडीच वर्षांना येतात आणि आठही दात जुळेपर्यंत जनावर साडेचार-पाच वर्षांचे होते, म्हणजे वय सांगताना खोटे बोलायला फारशी जागा उरत नाही.

घरातले बाबा वेगळे वाटत, पण मला ते वेगळे होते असे आता वाटत नाही. बाजाराच्या संध्याकाळी त्यांचा आवाज पूर्ण बसलेला असे. आई हळदीचे गरम दूध देई, आणि त्या रात्री ते आमच्याशी खुणेने किंवा पाटीवर लिहून बोलत. आम्हा तिन्ही भावंडांना अक्षरे गिरवण्याआधी आकडे वाचता येऊ लागले ते त्या पाटीमुळे. स्वतःच्या शेतासाठी बैल घ्यायचे असले की ते कधीही आपल्या बाजारात घेत नसत. दुसऱ्या तालुक्याच्या बाजारात जात आणि जोडी पायी घेऊन येत, कधीकधी दोन दिवस लागत. आपल्या बाजारात आपणच बोली बोललो तर बोलीला अर्थ राहत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून “आज आवतन घ्या, उद्या जेवायले या” असे म्हणताना त्यांचा आवाज जसा होत असे तसा तो इतर कोणत्याही दिवशी मी ऐकला नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा. त्यासाठी लाकडी नंदी त्यांनी स्वतः तासून दिला होता, आणि मुलीला कशाला म्हणून शेजारी हसले तरी मला तो घेऊन ते गावभर फिरवीत.

पुढच्या काळात बाजारात काय येते यावरून त्यांना पट्ट्याची अवस्था कळत असे. विदर्भातल्या शेतकऱ्यांसाठीच्या २००६ च्या पंतप्रधानांच्या पॅकेजनंतर शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या कास्तकारांना अनुदानावर मिळालेल्या संकरित गाई आमच्या बाजारात विकायला येऊ लागल्या, कारण त्यांच्या खाण्याचा खर्च झेपत नव्हता. ट्रॅक्टर वाढले तशा जोड्या कमी झाल्या. मार्च २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी लागू झाली, आणि म्हातारे बैल विकून आलेल्या पैशांत भर घालून तरुण जोडी घेण्याची आमच्या भागातील जुनी रीत मोडली. या कायद्याच्या बाजूने वा विरुद्ध बाबा बोलले नाहीत; गिऱ्हाईक न मिळालेले बैल संध्याकाळी परत घेऊन जाणाऱ्या माणसाला ते बाजाराची फी परत देत, एवढे मी पाहिले आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगामुळे राज्यातले गुरांचे बाजार बंद झाले. त्याही दिवसांत बाजाराच्या वारी बाबा सकाळी कडुनिंबाखाली जाऊन बसत, आणि ज्यांच्याकडे जनावर आजारी आहे त्यांना लस आणि डॉक्टरांविषयी सांगत. बाजार पुन्हा भरला तेव्हा त्यांची प्रकृती खालावली होती. २०२३ च्या उन्हाळ्यात ते गेले.

आपल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून एवढेच सुचवते की मामांच्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, म्हणजे पावती फाडून दिल्यावर पुस्तकात उरणाऱ्या प्रती, घरात असतील तर त्या रद्दीत जाण्याआधी काढून घ्या. पावतीवर विकणारा, घेणारा, त्यांची गावे, जनावराचा रंग, शिंगे, दात, खुणा आणि किंमत असते. बाबांच्या स्थळप्रतींच्या पाठीमागे त्यांच्या बारीक अक्षरांत ‘खांदा सुजतो, सांगितले’, ‘पैसे दिवाळीनंतर, मी जामीन’, ‘मुलीचे लग्न, फी घेतली नाही’ अशा ओळी निघाल्या, आणि त्यांतल्या अकरा आम्ही त्यांच्या तेरवीला मोठ्याने वाचल्या. त्या वाचत असताना मांडवात मागे बसलेला एक म्हातारा कास्तकार उभा राहिला आणि म्हणाला की सातवी पावती त्याची आहे, आणि ते पैसे त्याने दिवाळीनंतर फेडले होते, तेही वहीत लिहून घ्या. मी ते त्याच पावतीच्या मागे लिहून घेतले.