तापमान ‘मोअर व्हेरिएबल’ की ‘मोअर व्हेरीड’?

‘पुण्याचे तापमान मुंबईपेक्षा जास्त बदलते’ हे वाक्य इंग्रजी प्रबंधात लिहिताना व्हेरिएबल, व्हेरीड आणि व्हेरिअस यांपैकी कोणते विशेषण घ्यावे, असे आपण विचारले आहे. पुण्यात प्रबंधांचे इंग्रजी तपासताना मला हा गोंधळ वारंवार दिसतो.

एकच गोष्ट वेळोवेळी खालीवर होत असेल तर व्हेरिएबल म्हणावे, आणि एकाच ठिकाणी अनेक प्रकार एकत्र असतील तर व्हेरीड. मंडईतल्या भाज्या व्हेरीड असतात. त्यांतल्या टोमॅटोचा भाव व्हेरिएबल असतो. व्हेरिअस हा शब्द ‘निरनिराळे’ या अर्थाने नामाआधी शोभतो, तुलनेत त्याला ओढू नये. आपल्या वाक्यात तापमान एकच आहे आणि ते बदलते, म्हणून मोअर व्हेरिएबल.

खरी चूक मात्र विशेषणाच्या पुढे होते. मराठीत ‘मुंबईपेक्षा’ म्हटले की ‘मुंबईच्या तापमानापेक्षा’ हे ऐकणारा समजून घेतो. त्याच सवयीने विद्यार्थी ‘पुणेज् टेंपरेचर इज मोअर व्हेरिएबल दॅन मुंबई’ असे लिहितात आणि तापमानाची तुलना थेट शहराशी होऊन बसते. इथे ‘दॅन मुंबईज्’ लिहावे, किंवा ‘टेंपरेचर इन पुणे इज मोअर व्हेरिएबल दॅन इन मुंबई’ अशी रचना करावी. मला दुसरी अधिक स्वच्छ वाटते. जोर द्यायचा असेल तर ‘मच मोअर’ चालते, ‘व्हेरी मोअर’ कधीच नाही.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. बदल कोणत्या काळातला, हे वाक्यातच यायला हवे. एप्रिलमध्ये पुण्यात दुपारी पारा ३८ अंशांच्या आसपास जातो आणि पहाटे बराच उतरतो, तर समुद्रामुळे मुंबईत हा फरक कमी राहतो. पण हिवाळा आणि उन्हाळा यांतले अंतर पाहिले तर दिल्ली पुण्याला सहज मागे टाकते. ‘ट्वाइस अॅज व्हेरिएबल’ असे लिहिणार असाल, तर कशाच्या दुप्पट ते सांगा. त्यासाठी प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन), म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरले आहेत याचे माप, द्यावे. त्याला सरासरीने भागून मिळणारा चलन गुणांक सेल्सिअस तापमानासाठी वापरू नये, कारण तिथले शून्य म्हणजे तापमानाचा अभाव नव्हे, पाणी गोठण्याचा बिंदू आहे.