एसडब्ल्यूआर १ आला म्हणून नाचू नको

हॅम रेडिओच्या मीटरवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडं पाठवलेली पॉवर किती परत फिरते त्याचं माप, १ म्हणजे काहीच नाही) १.५ दिसला म्हणून लगेच पक्कड घेऊन गच्चीवर पळू नको की. १.५ला परत फिरणारी पॉवर ४ टक्के, २ला ११ टक्के. एवढ्यानं निपाणीहून ऐकणाऱ्याला काही फरक कळत नाही. ३ला मात्र २५ टक्के परत येते, आणि आजकालचे बरेच रिग (रेडिओ संच) त्याआधीच पॉवर कमी करून घेतात.

एकट्या आकड्यावर जाऊ नको. ४० मीटर बँडचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली, दोन सारख्या वायरींची अँटेना) असेल तर ७.०, ७.१ आणि ७.२ मेगाहर्ट्झवर, तिथं कुणी बोलत नाही ना हे ऐकून, कमी पॉवरवर माप घे आणि वहीत लिही. ७.० कडे आकडा उतरत असेल तर वायर लांब आहे. दोन्ही टोकं सारखीच दुमड. कापायचं नंतर बघू.

खरी फसवणूक कोएक्स, म्हणजे रिगपासून अँटेनापर्यंतची केबल, करतो. खानापूरच्या पावसात जोडातून पाणी शिरलं की केबल जाताना पॉवर खाते, येतानाही खाते. परत येणारी कमी दिसते आणि मीटर सुंदर १.२ दाखवतो. डमी लोडचा (अँटेनाऐवजी जोडायचा, पॉवर उष्णतेत घालवणारा रोध) एसडब्ल्यूआरसुद्धा १ असतो रे, त्यावर कुणाशी बोलणार? म्हणून शक्य असेल तर ॲनालायझर (एसडब्ल्यूआर मोजायचं यंत्र) अँटेनाच्या बुडाशीच लाव. रिगजवळच्या ट्यूनरनं (रिगला जुळवून देणाऱ्या डब्यानं) रिग खूश होतो, केबलमधला एसडब्ल्यूआर आहे तसाच राहतो.

आणि भिजलेल्या वायरीचा रेझोनन्स (अँटेना जिथं जुळते ती फ्रिक्वेन्सी) थोडा खाली सरकतो, तेव्हा दुमडायचं काम उघडीप बघूनच कर.