भिंगऱ्या ओळखताना शेपटीवर विसंबू नका

नव्याने पक्षी बघायला लागलेले बहुतेकजण भिंगरीची (इंग्रजीत स्वॅलो) शेपटी आधी बघतात. ती नंतर बघा. लांब पिसं झडतात, तुटतात आणि पिल्लांना ती आखूडच असतात. त्यामुळे तारवाली भिंगरी 'तारे'विना, म्हणजे शेपटीच्या तारेसारख्या लांब पिसांविना दिसली तर गोंधळ ठरलेला.

आधी गळा बघा. माळभिंगरीचा गळा तांबूस आणि त्याखाली गडद निळा पट्टा असतो. तारवालीचा गळा पांढराशुभ्र, खालची बाजूही तशीच स्वच्छ, आणि डोक्यावर तांबूस टोपी. माळभिंगरीच्या पिल्लाचा गळा फिकट असतो खरा, पण छातीवरचा पट्टा पुसट का होईना, दिसतोच. तोच शोधा.

पक्षी वळला की पाठ दिसते. कमरेवर विटकरी रंग चमकला तर ती लालबुडी भिंगरी. पोटावर बारीक रेघा आणि शेपटीखालचा काळा भाग दिसला की शंका उरत नाही.

जागाही मदत करते. तारवाली पाण्याला धरून राहते, पुलाखाली मातीचं वाटीसारखं घरटं बांधते. लालबुडीच्या घरट्याला मात्र बोळकांडीसारखं लांबट तोंड असतं. माळभिंगरी आपल्याकडे हिवाळी पाहुणी, त्यामुळे भर पावसाळ्यात तिची नोंद करताना दोनदा विचार करा.

उडत्या पक्ष्यामागे दुर्बीण फिरवून डोळे दमवण्यापेक्षा सकाळी विजेच्या तारांवर बसलेल्या भिंगऱ्या निवांत बघा. उडताना भिंगऱ्यांसारख्याच दिसणाऱ्या पाकोळ्या (स्विफ्ट) तारेवर बसत नाहीत, म्हणजे तोही घोळ आपोआप सुटतो.