रात्रीचं बोफिशिंग आणि पाण्यातले लाइट: तुमचे प्रश्न

प्रश्न (वाई): दादा, अमेरिकेतल्या बोफिशिंगच्या, म्हणजे दोरी बांधलेल्या बाणाने मासे मारायच्या व्हिडिओत पाण्याखाली हिरवा लाइट सोडतात. धोम धरणावर पण हिरवाच घ्यायचा का पांढरा?

उत्तर: त्या व्हिडिओत दोन वेगळी कामं चाललेली असतात. पाण्यात सोडलेला लाइट मासे बोलवायला असतो, उजेडाला आधी बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे बारकी मासळी आणि मग मोठे मासे, आणि याला वेळ लागतो. बाण मारणाऱ्यांचे मेन लाइट मात्र बोटीच्या पुढच्या कडेला पाण्याच्या वर असतात, कारण ते उथळ पाण्यात फिरत फिरत मासा शोधतात. आपल्याला मासा नीट ओळखता आला पाहिजे हे पहिलं, म्हणून रंग पाणी बघून ठरवा. लाल उजेड पाण्यात सगळ्यात आधी संपतो, नितळ पाण्यात निळा लांब जातो, शेवाळाने हिरवट झालेल्या पाण्यात हिरवा चालतो आणि थोडं गढूळ असेल तर पिवळसर वॉर्म लाइट बरा. गढुळात जास्त वॅटचा पांढरा लाइट म्हणजे पसरणी घाटात धुक्यात हायबीम मारल्यासारखं, सगळा उजेड उलटा आपल्याच डोळ्यात येतो. पावसाने पाणी लाल झालं असेल तर घरीच बसा, कुठल्याच लाइटने काही दिसणार नाही.

आणि धरणातल्या मासेमारीचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे असेल तिची परवानगी आधी घ्या, मत्स्यव्यवसाय खात्यात पण विचारा. त्या पाण्यात सोडलेल्या बोटुकलीवर (माशांच्या पिल्लांवर) भोई लोकांची घरं चालतात हो.

प्रश्न (कराड): मासा स्पष्ट दिसतो तरी बाण वरून जातो. लाइट बदलू का?

उत्तर: लाइटचा काही दोष नाही. उजेड पाण्यातून हवेत येताना वाकतो त्यामुळे मासा आहे त्यापेक्षा वर दिसतो. सरळ वरून बघितलं तर चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर वाटतो, आणि तिरकं बघितलं की फरक अजून वाढतो. दिवसा काठावर उभं राहून एक काठी तिरकी पाण्यात घाला, जिथे मोडल्यासारखी दिसते तिथे नीट बघा, सगळं कळेल. दिसणाऱ्या माशाच्या खाली नेम धरा, मासा जितका खोल आणि लांब तितका जास्त खाली. दोरी धनुष्याच्या तारेत अडकली तर बाण उलटा तोंडावर येतो, म्हणून दोरी बाणावरच्या सेफ्टी स्लाइडलाच, म्हणजे बाणावर सरकणाऱ्या कडीलाच बांधा.

अजून एक, गळाला लागलेला खडस (महसीर मासा) परत सोडता येतो, बाण लागलेला नाही येत. सायप्रिनस (कॉमन कार्प) आहे का खडस हे खात्रीने कळत नसेल तर बाण सोडूच नका, मग रात्र रिकामी गेली तरी चालेल.

प्रश्न (आटपाडी): स्वतःच्या शेततळ्यात चिलापी खूप वाढलीय. रात्री लाइट लावून बाणाने काढू का?

उत्तर: अजिबात नको. बाण तळ्याच्या प्लॅस्टिक कागदात घुसला की भोक पडणार, आणि काट्यांचं टोक ओढून काढताना ते अजून फाटणार, चिलापीच्या नादात डाळिंबाचं पाणी जाईल. लाइट लावा पण पाण्याच्या वर एका कोपऱ्यात टांगा, त्याला किडे येतात, किड्यांना मासे येतात, मग फेकजाळं टाका. ओल्या कागदावरून पाय घसरला की चांगल्या पोहणाऱ्याला पण वर येता येत नाही, म्हणून चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडून ठेवा आणि रात्री एकटे जाऊ नका.

प्रश्न (पलूस): भिलवडीजवळ कृष्णेत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून करता येईल का?

उत्तर: नाही, आणि हे मी हात जोडून सांगतोय. भिलवडी, औदुंबरपासून सांगलीपर्यंत नदीत मगरी आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. तुम्ही लाइटने मासे एका जागी गोळा करणार, बाण लागलेला मासा दोरीला फडफडणार, आणि तुम्ही त्याच पाण्यात उभे. काठावरून हेडटॉर्च फिरवली आणि पाण्यालगत तांबूस नारंगी डोळे चमकले तर गुपचूप मागे फिरा. मगरीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे, चुकून बाण लागला हे कारण चालणार नाही. कोयनेच्या शिवसागरात करू का असं पण तुम्ही विचारलंय, तर तिथलं पाणी अभयारण्यात येतं, तो विषय सोडा.

प्रश्न (मिरज): लाइटला घरचा इन्व्हर्टर जोडला तर?

उत्तर: २३० व्होल्ट पाण्याजवळ न्यायचेच नाहीत, वायर सोलली तर माणूस जातो. १२ व्होल्टचा आयपी ६८ लाइट, म्हणजे पाण्यात बुडवला तरी चालणारा घ्या. ३० वॅटचा लाइट अडीच अँपिअर खातो, ७ एएचची (अँपिअर-तासाची) लेड ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही असं धरलं तर साधारण सव्वा तास मिळतो, जास्त हवा असेल तर लिथियम घ्या, वजनाला पण हलकी पडते. पाण्याखालचा लाइट बाहेर ठेवून चालू करू नका, तो पाण्यानेच थंड राहतो, कोरडा चालवला की लवकर जळतो.