आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) कारच्या शर्यतीसाठी चार्जर घ्यायचाय. दुकानदार 80 वॅट म्हणतो, मित्र 200. कोणाचं ऐकू?

तुम्ही लिहिलंय की 1/10 मापाची (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची) इलेक्ट्रिक बग्गी आहे, 5000 एमएएचचे टू-एस (एकापुढे एक जोडलेले दोन सेल) लिपोचे (लिथियम-पॉलिमर बॅटरीचे) दोन हार्डकेस पॅक आहेत, गाडीबरोबर एक छोटा चार्जर आलाय आणि पुढच्या महिन्यात क्लबच्या शर्यतीत उतरायचंय. दुकानदाराच्या मते 80 वॅट पुरे, मित्राच्या मते 200 च्या खाली बघूच नये.

दुकानदार बरोबर आहे, फक्त त्याला एक प्रश्न विचारायचा राहिलाय, तो खाली सांगतो. मित्रही खोटं बोलत नाहीये. त्याची गाडी 1/8 ची, फोर-एसवर पळणारी असावी. विचारून बघा.

आधी तो छोटा चार्जर. पांढऱ्या बॅलन्स सॉकेटमधून (पॅकच्या प्रत्येक सेलपर्यंत पोचणाऱ्या बारीक पिनमधून) चार्ज करणारा, लाल-हिरव्या दिव्यांचा डबा असेल तर त्यातून साधारण 800 मिलिअँपिअर ते 1 अँपिअर मिळतो. 5000 चा रिकामा पॅक भरायला पाच-सहा तास. रात्री लावून झोपू म्हणाल, तर लिपोच्या बाबतीत नेमकं तेच करायचं नसतं.

आता वॅटचं गणित. दुकानात सगळे अँपिअर विचारतात, पण अँपिअर वॅटमधूनच निघतात. टू-एस पॅक पूर्ण भरतो 8.4 व्होल्टला. 5000 च्या पॅकचा 1सी (तासाभरात पॅक भरेल एवढा करंट) म्हणजे 5 अँपिअर. 8.4 गुणिले 5 म्हणजे 42 वॅट. बस, तुमची गरज एवढीच. 80 वॅटचा चार्जर याच पॅकला साडेनऊ अँपिअरपर्यंत देऊ शकेल, म्हणजे जवळपास 2सी. मित्राचा फोर-एस भरतो 16.8 व्होल्टला, त्याला 1सीलाच 84 वॅट लागतात आणि घाई असेल तर दुप्पट. त्याचे 200 वॅट तिथून आले.

‘जास्त वॅट म्हणजे जास्त चांगला’ असं मीही धरून चाललो होतो. मग एका रविवारी वही घेऊन बसलो. माझ्या 17.5 टर्नच्या (तारेच्या तेवढ्या वेढ्यांच्या) मोटरला पाच मिनिटांच्या हीटमध्ये (शर्यतीच्या एका फेरीत) साधारण 1800 एमएएच लागतात. पॅक रिकामा होतच नाही. 5 अँपिअरने तेवढं परत भरायला वीस-बावीस मिनिटं, आणि शेवटी व्होल्टेज 8.4 ला टेकलं की करंट हळूहळू उतरत जातो, त्याची आणखी दहा-पंधरा. म्हणजे पाऊण तासाच्या आत काम होतं. दोन हीटमध्ये आमच्याकडे तास-दीड तास जातो (लॅप मोजायचं सॉफ्टवेअर रुसलं तर दोन), आणि तुमच्याकडे पॅक दोन आहेत. चार्जर गाडीकडे बघून घ्यायचा नसतो, दोन हीटमधल्या वेळाकडे बघून घ्यायचा असतो.

दुकानदाराला विचारायचा प्रश्न असा: हे 80 वॅट भिंतीच्या प्लगवर, की डीसी इनपुटवर (बॅटरी किंवा वेगळ्या पॉवर सप्लायवर)? कित्येक एसी-डीसी चार्जरच्या खोक्यावर मोठा आकडा डीसीचा असतो, आणि घरच्या 230 व्होल्टवर लावला की तो निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. दोन चॅनेलचा (एकदम दोन पॅक भरणारा) असेल तर आणखी एक मेख: लिहिलेले वॅट दोघांत वाटले जातात का, ते बघा. एसीवर एकूण 100 वॅट असतील तर दोन्ही पॅक एकदम लावल्यावर प्रत्येकाला 50 येतात. तुम्हाला तेही चालतील, 42 च हवेत. पण फोर-एसवाला फसेल.

फक्त डीसीवर चालणारे चार्जर आकाराने लहान आणि वॅटच्या मानाने स्वस्त असतात. त्यांना वेगळा पॉवर सप्लाय लागतो. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला 12 किंवा 24 व्होल्टचा एसएमपीएस (घरच्या विजेचं डीसी करणारा पॉवर सप्लाय) सहज मिळतो. 24 चा घ्यायचा तर आपला चार्जर तेवढं इनपुट घेतो का, ते आधी बघा. पहिला चार्जर म्हणून मात्र मी एसी-डीसीच घ्या म्हणेन, मैदानावर एक वायर कमी तेवढी डोकेदुखी कमी. कारच्या बॅटरीवर चार्जर चालतो हे खरं आहे. दिवसभर तसं केल्यावर संध्याकाळी गाडीला धक्का मारायला माणसंही लागतात, हेही खरं आहे.

मैदानावरच्या विजेचा विचार कोणी करत नाही. सहा अँपिअरचं एक्स्टेन्शन 230 व्होल्टवर 1380 वॅट पेलतं. त्यावर दहा जणांनी दोनशे-दोनशेचे चार्जर पूर्ण ताकदीने चालवले की आधी प्लगला वास येतो आणि मग सगळं पिट (गाड्या तयार करायची जागा) अंधारात.

आता ज्यात माझा हात पोळला ते. माझा पहिला चार्जर एका गाजलेल्या मॉडेलची नक्कल होता. स्वस्त मिळाला म्हणून खूश होतो. शर्यतीच्या तपासणीच्या टेबलावर पॅकला मीटर लावला तर 8.47. त्या दिवशी टू-एसची मर्यादा 8.40 होती. माझ्या चार्जरच्या पडद्यावर मात्र ठसठशीत 8.40. हीट गेली, ते सोडा. खरी गोष्ट ही की तो चार्जर कित्येक महिने माझे पॅक जास्त भरत होता आणि एक पॅक मधोमध का फुगला, ते मला तेव्हा कळलं. म्हणून चार्जर घरी आला की पहिल्या चार्जनंतर बऱ्यापैकी मल्टिमीटर घेऊन पॅकचं एकूण व्होल्टेज आणि दोन्ही सेलचं वेगवेगळं मोजा. सेलला 4.20 च्या आसपास यायला हवं. पडद्यात आणि मीटरमध्ये ठळक फरक दिसला तर चार्जर परत करा.

आणखी एक गोष्ट खोक्यावर बारीक अक्षरांत असते: डिस्चार्ज किती वॅटचा. पावसाळ्यात हिचं महत्त्व कळतं. सकाळी दोन्ही पॅक भरून मातीच्या ट्रॅकवर जावं, दहा वाजता सर यावी आणि शर्यत रद्द व्हावी. भरलेले पॅक घरी तसेच ठेवले तर आठवडाभरात खराब व्हायला लागतात, त्यांना सेलमागे 3.8 व्होल्टच्या आसपास आणावं लागतं. 37 वॅट-अवरच्या पॅकमधून निम्मी वीज काढायची आणि चार्जर 5 वॅटने काढणार म्हटल्यावर एका पॅकला जवळजवळ चार तास. मी सरळ गाडीला पॅक लावून सोसायटीच्या पार्किंगमध्ये फिरवतो. वॉचमनकाका वैतागतात, पण दहा मिनिटांत काम होतं.

हार्डकेस पॅकला बुलेट (गोल पिनचे प्लग) असतील तर वायर जोडायचा क्रम पाठ करा. आधी चार्जरची बाजू, मग पॅक. काढताना उलट, आधी पॅकमधून. पॅकमध्ये आधी खुपसलीत तर चार्जरकडची दोन उघडी टोकं टेबलावर लोळतात आणि एकमेकांना टेकतात. माझ्याकडे एक केळीप्लग आहे, त्याचं टोक वितळून मण्यासारखं झालंय. ‘ठप्’ असा एकच आवाज आला होता. बॅलन्सची बारीक पिनही दर वेळी लावायची, ‘आज घाई आहे’ म्हणून सोडायची नाही.

मोडही दोनदा वाचा. लिपोला निकेल बॅटरीच्या मोडवर लावलंत तर चार्जर 8.4 ला थांबणार नाही, तो व्होल्टेज किंचित पडायची वाट बघत करंट ढकलत राहील आणि पॅक पेटेल. एचव्ही (जास्त व्होल्टच्या लिपोचा) मोड सेलला 4.35 पर्यंत नेतो, तो साध्या लिपोसाठी नाही. हीटवरून आलेला पॅक गरम असतो, मे महिन्यात तर हवाच चाळिशीच्या पुढे असते, तेव्हा तो सावलीत निवू द्या आणि मगच लावा. चार्ज करताना लिपोची आगरोधक पिशवी, खाली फरशी, आणि तुम्ही समोर.

मी तुमच्या जागी असतो तर एसीवर खरेखुरे 80 ते 100 वॅट देणारा, एका चॅनेलचा, सेलचा अंतर्गत रोध (सेल किती थकलाय ते सांगणारा आकडा) दाखवणारा आणि ओळखीच्या दुकानातून बिलासकट मिळणारा चार्जर घेतला असता. उरलेल्या पैशांत मल्टिमीटर आणि पिशवी. वर्षभरात 1/8 ची गाडी घ्यायचं नक्की असेल तर मात्र आत्ताच मित्राचं ऐका. तुमचे पॅक 4 मिमी बुलेटचे आहेत की 5, ते इथे लिहा, वायर कोणती मागायची ते सांगतो.